गोधडीचं वजन खांद्यावर नको

वाचकाचं पत्र:

ताई, मी नाशिकला राहते. वय ४७, उंची ५ फूट. तीन वर्षांपासून जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवते. आधी घरच्यांसाठी शिवल्या, आता ओळखीतून महिन्याला दोन-तीन मागण्या येतात. सासूबाईंचं पाय-मशीन जड चालायचं म्हणून गेल्या वर्षी मोटरचं छोटं मशीन घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तेव्हापासून मान आणि उजवा खांदा भरून येतो, मोठी गोधडी असली की कंबर धरते, आणि हल्ली रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. घरात सगळे म्हणतात, ‘वय झालं, आता बंद कर.’ व्हिडिओत खास टेबलं दिसतात, पण ती परवडणारी नाहीत आणि आमच्या दोन खोल्यांत मावणारीही नाहीत. आईची दोन लुगडी जपून ठेवली आहेत. नोव्हेंबरात लेकीचं बाळंतपण आहे, त्याआधी बाळासाठी त्यांची गोधडी करायची आहे. शिवणं थांबवू का?

उत्तर:

ताई, शिवणं थांबवू नका. आठ-दहा दिवस मशीन झाकून ठेवा, कारण आधी जागा नीट करायची आहे. आणि त्याच दिवसांत एकदा डॉक्टरांकडे जाऊन या.

मुंग्यांचं आधी सांगते, कारण ती गोष्ट टेबल-खुर्चीवर सोडून देण्यासारखी नाही. मुंग्या कोणत्या बोटांना येतात ते रात्री जाग आली की नीट पाहा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल, तर मनगटातून जाणारी नस दबत असण्याची शक्यता असते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल, तर बहुतेक वेळा कोपराजवळची नस दुखावलेली असते, आणि टेबलाच्या कडेवर कोपर रेटून बसणाऱ्यांना हे होऊ शकतं. हे डॉक्टरांना असंच बोटांसकट सांगा. मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असला तरी हाताला मुंग्या येतात, म्हणून ते तपासण्या सांगतील त्या करून घ्या. वस्तू हातातून निसटायला लागल्या असतील तर आठ दिवससुद्धा थांबू नका. मी स्वतः अंगठ्याच्या मुळाशी दुखणं वर्षभर अंगावर काढलं होतं. पुढे सहा महिने मला कात्री धरता आली नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

आता मान आणि खांद्याकडे येते. तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: मोटरचं मशीन घेतलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं, आणि तेव्हापासून. सत्तेचाळिसावं वर्ष काही त्याच दिवशी लागलं नव्हतं. घरच्यांची काळजी खरी आहे, पण दोष वयाचा नाही, टेबलाच्या उंचीचा आहे. इंची टेप घेऊन बसा, मी इथून हिशेब मांडते.

जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. त्यावर तुमचं मशीन. या छोट्या मशीनची पाटी, म्हणजे सुईखाली जिथं कापड सरकतं ती जागा, टेबलापासून तीन-साडेतीन इंच वर असते. झाले साडेतेहतीस. आता तुम्ही खुर्चीत ताठ बसा, खांदे सैल सोडा, कोपर अंगाला लावून काटकोनात वाकवा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप लेकीला किंवा शेजारणीला घ्यायला सांगा. ५ फूट उंचीच्या बाईचं ते माप १८ इंचांच्या खुर्चीवर सव्वीस-सत्तावीस इंचांच्या आसपास येतं. म्हणजे तुमचे हात कोपराच्या सात इंच वर काम करतायत. हात तिथं पोचावेत म्हणून खांदे उचलले जातात, आणि उचललेलेच राहतात. रिकामा हात तसा धरून पाच मिनिटं बसून पाहा, मान बोलायला लागेल. तुम्ही तसं तासन् तास बसताय, वर गोधडी ओढताय.

सासूबाईंच्या पाय-मशीनवर हा त्रास का नव्हता, तेही यातच आहे. त्या मशीनचं धूड टेबलाच्या खाचेत बसवलेलं असतं, पाटी आणि फळी एका पातळीत. टेबलही तीसच्या आसपास, पण वरचे साडेतीन इंच नाहीत.

बारीक कामाला पाटी कोपरापेक्षा एखाद-दोन इंच वर असली तर चालते, डोळ्यांनाही ते बरं पडतं. सात इंच चालत नाहीत. एवढा फरक दोन्हीकडून थोडा थोडा भरायचा. टेबल थोडं खाली, तुम्ही थोड्या वर.

जुन्या बाजारातून एक लहान लाकडी टेबल घ्या. मुलांचं अभ्यासाचं असतं तसं, पण भक्कम, आणि बसायच्या बाजूला ड्रॉवर नसलेलं. सुताराकडून त्याचे पाय कापून उंची साडेसव्वीस इंच करून घ्या. त्यावर मशीन ठेवलं की पाटी येते ३० इंचांवर. खुर्चीवर दोन इंचांची घट्ट उशी टाका. फोमची नको, ती अर्ध्या तासात बसते. सतरंजीची घडी किंवा कापसाची टणक गादी चांगली. आता तुमचं कोपर साडेअठ्ठावीसच्या आसपास येतं आणि फरक दीड इंचावर. बसल्यावर मांडी आणि टेबलाची फळी यांच्यात हात सहज सरकला पाहिजे, म्हणूनच ड्रॉवर नको म्हटलं. सुताराला बोलवण्याआधी तुमच्या मशीनची पाटी आणि तुमचं कोपर स्वतः मोजा. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे खरे असतील.

आणि आता जेवणाचं टेबल पुन्हा कामाला येतं. तुमच्या मशीनची पाटी ३० इंचांवर, जेवणाचं टेबलही ३० इंच. लहान टेबल त्याला खेटून असं लावा की मशीनची डावी बाजू मोठ्या टेबलाच्या कडेला भिडेल. सुईखालून निघालेली गोधडी सपाट सरकत मोठ्या टेबलावर जाऊन पडेल. अर्धा-पाव इंच पाटी खाली राहिली तर लहान टेबलाच्या पायांखाली पुठ्ठा घाला. मोठ्या टेबलावरचं कापड काढून टाका. सनमायका असेल तर उत्तम, गोधडी त्यावर घसरते. शक्य असलं तर मोठ्या टेबलाची मागची बाजू भिंतीला लावा, म्हणजे गोधडी पलीकडून खाली घसरणार नाही. व्हिडिओतली महागडी टेबलं एवढंच करतात: मशीन खाली बसवतात आणि डावीकडे-मागे फळी देतात. संध्याकाळी लहान टेबल मशीनसकट सरकवून ठेवलं की जेवायला जागा मोकळी.

हा आधार मी एवढा लावून धरते, कारण कंबर धरते ती गोधडीच्या वजनाने. पाच सुती साड्यांची मोठी गोधडी एकदा मी भाजीवाल्याच्या काट्यावर घातली होती, पावणेतीन किलो भरली. ती टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत असली, की मशीनच्या दात्यांना ती पुढे सरकवता येत नाही. मग आपण दोन्ही हातांनी ओढतो, टाके लहान-मोठे पडतात, सुई वाकते, कधी मोडते. आणि ओढताना आपण कंबरेतून उजवीकडे पिळवटतो. लोंबणारं वजन टेबलावर गेलं, की हात फक्त दिशा दाखवायला उरतात.

त्या हातांसाठी एक स्वस्त सोय. हार्डवेअरच्या दुकानात तळव्यावर रबरी ठिपके असलेले सुती हातमोजे मिळतात. ते घालून शिवा. कापड पकडायला मूठ आवळावी लागत नाही, पंजा नुसता ठेवला तरी गोधडी सरकते. मनगटाच्या नसेला यानं फार आराम पडतो.

शिवायचा क्रमही बदला. हाताने गोधडी भरताना, म्हणजे सगळे थर धावदोऱ्याने शिवताना, आपण कडेपासून आत जातो. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात तीही अशीच, कडेकडेने फिरत मध्यापर्यंत, आणि मग चार कोपऱ्यांना तिकोनी घड्यांची फुलं. हाताच्या कामात हे बरोबर आहे, कारण गोधडी जमिनीवर पसरलेली असते आणि बाई तिच्यावरच बसून पुढे सरकते. वजन सगळं जमिनीवर. मशीनवर मात्र मधून सुरुवात करा. थर आधी कच्च्या टाक्यांनी नीट टाचून घ्या, दोन्ही बाजूंनी घट्ट वळकटी करा, आणि मधली टीप मारून एकेका बाजूला जा. घरगुती मशीनच्या सुईपासून खांबापर्यंत सहा-सात इंचच जागा असते. मधून सुरू केलं की त्या फटीत कधीही अर्ध्याहून जास्त गोधडी नसते, आणि चुण्याही बाहेर निघून जातात.

मोठ्या मागणीची गोधडी असेल तर तिचे तीन लांब पट्टे करा. प्रत्येक पट्टा थरांसकट पूर्ण शिवून घ्या, आणि शेवटी जोडा. जोडावर काठाची पट्टी घातली की नक्षीच वाटते. मशीनखाली एका वेळी किलोभरच येतो. काही जुन्या बायकांना हे पटत नाही, त्यांना अखंड गोधडीच खरी वाटते. मलाही अखंड आवडते. पण महिन्याला तीन करायच्या असतील तर पट्टेच बरे.

पायांचं. उशी टाकून तुम्ही वर आलात की पाय अधांतरी राहतील, आणि लोंबते पाय कंबर ओढतात. घरात जेवायला बसायचा लाकडी पाट असेल, तो पायांखाली घ्या. मोटरचं पायडल त्याच पाटावर ठेवा, खाली रबरी पायपुसणं, नाहीतर ते दर टीपेला पुढे पळतं आणि आपण त्याच्यामागे पाय ताणत जातो. पाट लहान असला तर दोन घ्या, पण दोन्ही पाय एकाच उंचीवर हवेत. बहुतेकींचा डावा पाय खुर्चीच्या दांडीवर आणि उजवा पायडलवर असतो. त्यानं एका बाजूचा कुल्ला उचललेला राहतो. खुर्ची बिनहाताची घ्या. चाकांची नको, पायडल दाबलं की ती मागे सरकते. आणि बसायचं ते सुईच्या समोर. आपण मशीनच्या मध्यासमोर बसतो, सुई मात्र डावीकडे असते, म्हणून मान दिवसभर तिरकी राहते. नाक, सुई आणि बेंबी एका रेषेत आणा. खुर्ची चार-पाच इंच डावीकडे सरकेल, दोन दिवस विचित्र वाटेल, मग सवय होईल.

मान वाकायचं आणखी एक कारण चष्म्यात असतं, आणि ते कुणी विचारत नाही. तुम्हाला चाळिशी लागली असणार. चष्मा दोन भिंगांचा असेल तर जवळचं दिसायचा भाग खाली असतो. सुई स्पष्ट दिसावी म्हणून आपण हनुवटी वर करतो आणि डोकं पुढे काढतो. घरी शिवायच्या जागी बसा, डोळ्यांपासून सुईपर्यंतचं अंतर मोजून घ्या, आणि चष्मा करणाऱ्याला त्या अंतराचा साधा, एकाच भिंगाचा चष्मा मागा. स्वस्तातली फ्रेम चालेल, तो मशीनजवळच ठेवायचा. माझ्या मानेला सगळ्या उपायांत यानं लवकर फरक पडला. उजेड डावीकडून यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली टीपेवर पडत नाही. खिडकी डावीकडे घेता येत नसेल तर वाकवता येणारा दिवा डावीकडे लावा. काळ्या, जांभळ्या साड्यांचं काम सकाळी करा, रात्रीसाठी फिक्या रंगांचं ठेवा.

कापण्याची जागा. तुम्ही लिहिलं नाही, पण तुम्ही साड्या जमिनीवर पसरून ओणव्याने कापत असणार, सगळ्याच कापतात. साड्या फाडायच्या असतील तर उभ्याने फाडा, दोऱ्यात सरळ फाटतात आणि कात्री लागतच नाही. ठिगळं कापायची असतील तर जेवणाच्या टेबलावर, उभं राहून. ते ३० इंच उभ्या कामाला थोडं कमी पडतं. त्याच्या पायांखाली त्या वेळेपुरते चार लाकडी ठोकळे घ्या, वरून खोलगट खाच केलेले, म्हणजे पाय घसरणार नाही. तुमच्या उंचीला चौतीस इंच पुरे. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटताना पाठ दुखत नसेल, तर ओट्याची उंची मोजा आणि तेवढीच इथं ठेवा. कात्री कापडासाठी वेगळी, तिला कागद लागू द्यायचा नाही, आणि चार-सहा महिन्यांनी धार. कापताना खालचं पातं टेबलाला टेकलेलं असावं, कात्री हवेत उचलून धरली की अंगठ्याचं मूळ दुखतं. माझं तसंच दुखावलं होतं. कड्या बोटांना रुतत असतील तर त्यांच्यावर सुती चिंधी गुंडाळा.

सुईचंही असंच. बोथट सुई थरांतून जाताना थपथप असा जड आवाज करते आणि आपण नकळत कापड रेटायला लागतो. गोधडीला १६ नंबरची सुई घ्या, थर कमी असतील तर १४. सात-आठ तास शिवून झालं की बदला, मोडायची वाट पाहू नका. टाका थोडा मोठा ठेवा, तीन-साडेतीन मिलिमीटर, जाड थरांना तोच शोभतो.

हाताने भरता तेव्हा हातभर, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, दोरा घ्या, जास्त नाही. लांब दोऱ्याला दर टाक्याला हात खांद्यापलीकडे न्यावा लागतो, आणि गाठी पडतात त्या वेगळ्याच. दोऱ्यावरून मेण फिरवा. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, घाला. जाड थरात अडकलेली सुई ओढायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा हाताशी ठेवा, त्याने सुई धरली की चिमटीला जोर लावावा लागत नाही. खाली बसून करत असाल तर भिंतीला टेकून, बुडाखाली दुमडलेली गोधडी घेऊन, आणि काम मांडीवर न घेता समोर चौरंगावर.

सासूबाईंचं पाय-मशीन विकलं नसेल तर विकू नका. जड चालतं म्हणालात. वरच्या भागात सगळ्या तेल घालतात, खाली कुणी वाकत नाही. पट्टा काढून खालचं मोठं चाक हाताने फिरवा. ते दोन-तीन फेऱ्यांत थांबलं, तर चाकाच्या दांड्याला आणि पायपट्टीला जोडणाऱ्या सांध्याला तेल हवंय. जुनं तेल वाळून चिकट झालं असेल, तर आधी थोडं रॉकेल लावून पुसून घ्या, मग मशीनचं तेल. पट्टा सैल पडला असेल तर तो अर्धा इंच कापून पुन्हा जोडावा लागतो, मशीन दुरुस्त करणारा पाच मिनिटांत करतो. ठिगळं जोडायचं सरळ काम त्यावर करा. दोन्ही पाय हलते राहतात, आणि मोटरच्या मशीनवर एका पायाने तासन् तास दाबून बसण्यापेक्षा ते शरीराला मानवतं.

माझ्या आजीच्या गावी वैशाखात पडवीत गोधडी पसरायची. चार बाजूंना चार बायका. एक उठून चुलीकडे जायची, एकीचं मूल रडायचं, एक नुसती सुया ओवून द्यायची. संध्याकाळी उठताना कुणी कंबर धरलेली मला आठवत नाही, कारण सलग तासभर कुणी बसतच नसे. तुम्ही एकटीने चौघींचं काम करताय. तेव्हा उठायची वेळ मशीनला ठरवू द्या: बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, संपलं की उठायचं. एका वेळी एकच बॉबिन भरून ठेवा, चार नाही. पाणी प्या, खांदे मागून पुढे न आणता पुढून मागे फिरवा, मनगटं सैल झटका, खिडकीतून लांबचं काहीतरी पाहा, मग दुसरं भरा. इस्त्रीही हाताच्या अंतरावर ठेवू नका, उठून जावं लागेल अशी ठेवा. साड्यांची गाठोडी माळ्यावर असतील तर ती खाली घ्या, कंबर ते खांदा एवढ्या उंचीत. आणि महिन्याला तीन गोधड्यांऐवजी नोव्हेंबरपर्यंत एकच मागणी घ्या. गोधडीसाठी लोक थांबतात, सुचवून पाहा.

आईच्या लुगड्यांना एवढ्यात हात लावू नका. जागा लावून झाली की आधी एखाद्या साध्या साडीचं दुपट्याएवढं काहीतरी शिवा, म्हणजे खुर्ची, उशी, पाट कुठे खटकतात ते कळेल आणि दोन-तीनदा सरकवता येतील. मग लुगडी काढा. आधी साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, आणि उजेडासमोर धरून विरलेला भाग पाहून घ्या. तो भाग आतल्या थरांत जाऊ द्या, वरून नको. काठ वाया घालवू नका, ते सरळ कापून वेगळे काढा आणि गोधडीच्या चारही कडांना लावा, बाळाच्या हाताला पहिल्यांदा तेच लागतील. बाळाची गोधडी लहान असते, तीन-सव्वातीन फूट, तेवढी हाताने भरा. भिंतीला टेकून, चौरंगावर, दिवसा उजेडी, रोज दोन हात दोरा. आतापासून धरलंत तर नोव्हेंबरच्या आत होईल.